बर्फातली लस

सिरिंजमधला बुडबुडा हलला नाही. डॉक्टर रुचिकांनी ती बोटभर लांबीची सिरिंज खिडकीच्या उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली, नखाने दोनदा टिचकी मारली, आणि आतला मोहरीएवढा हवेचा बुडबुडा जिथल्या तिथे बसून राहिला. दिपालीला आधी वाटलं, असंच असत असेल. तिने मांडीवरच्या इराची बाही आणखी थोडी वर सरकवली. पाच वर्षांच्या इराने सरावाने दंड पुढे केला होता आणि डोळे इतके घट्ट मिटले होते की नाकावर सुरकुत्या पडल्या होत्या. मग डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, थर्माकोलच्या डब्याचं झाकण पुन्हा काढलं आणि आतल्या अर्धवट वितळलेल्या बर्फात दोन बोटं घालून काहीतरी चिमटीत वर काढलं. खड्या मिठाचा दाणा होता. त्या तो दाणा बघत राहिल्या, आणि एवढ्या गडबडीच्या दवाखान्यात डॉक्टर एक मिठाचा दाणा इतका वेळ कशाला बघतायत हेच दिपालीला कळेना. "हे गोठलंय, दिपाली," त्या म्हणाल्या. "मी टोचू शकत नाही. गोठलेली लस कामातून गेली. वितळवली तरी तिचा काही उपयोग नाही."

दिपालीने मान हलवली. ऑफिसात साहेबांनी एखादी फाइल परत पाठवली की ती हलवायची तशीच. डॉक्टर बोलत होत्या, आणि तिला त्यातलं सगळं ऐकू येत होतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाला सांगितलं जात असल्यासारखं. नवा माल यायला दोन आठवडे, कदाचित तीन. तोवर गर्दी नाही, बालवाडी नाही, घरात कुणी शिंकलं तरी मुलीला लांब ठेवायचं. इराच्या मूत्रपिंडाचं दुखणं गोळ्यांवर आटोक्यात होतं, पण त्याच गोळ्यांनी तिच्या अंगातली लढायची ताकद काढून घेतली होती. गेल्या वर्षीसारखा फ्लू पुन्हा झाला तर, असं म्हणून डॉक्टर थांबल्या आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. वाक्य पुरं न करण्याचा चांगुलपणा त्यांच्यात होता. दिपालीला त्या क्षणी त्या चांगुलपणाचा राग आला. तिची नजर ट्रेमधल्या सिरिंजवर होती आणि तिला एकच वाटत होतं, दाराबाहेर बाकावर तिचे वडील, बापू, बसले आहेत, आणि त्यांना हे ऐकू जायला नको.

बावीस दिवस तिने ती लस शोधली होती. गणपती झाले आणि किनाऱ्याच्या गावांतून ताप घरोघरी हिंडायला लागला. त्यांच्या रेवदंड्यात एक घर सोडून दुसऱ्या घरात खोकल्याचा आवाज. तसा ताप दरवर्षी येतो, चार दिवस राहतो आणि जातो; माणसं काढा घेतात, एक दिवस बोटीवर जात नाहीत, संपलं. पण इराच्या घरी तो आला तर चार दिवस राहून जाणारा पाहुणा नव्हता, हे दिपालीला ठाऊक होतं. अलिबागच्या एकाही दुकानात लस नव्हती. पेणला नाही, पनवेलला नाही. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने अगदी मायेने सांगितलं, ही आमच्याकडे कधी येतच नाही. दुकानदार फोनवर "वरूनच माल नाही, ताई" म्हणायचे, आणि ते "वरून" ऐकताना दिपालीला खरोखरच कुठल्यातरी माळ्यावर रचून ठेवलेले खोके दिसायचे. राहुल, तिचा नवरा, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर अठ्ठावीस दिवसांच्या पाळीवर. फोन लागला तर संध्याकाळी, आणि लागला तरी अर्धा वेळ वाराच बोलायचा. शेवटी गिरगावातल्या एका दुकानदाराने सांगितलं, दोन दिवसांत थोडा माल येईल, माणूस पाठवा, चिठ्ठीशिवाय देणार नाही, राखून ठेवणार नाही. इराच्या पायांवर तेव्हा सूज होती. तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. बापू जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, कोणच्या बोटीनं जाऊ?

आणि ते गेले. सत्तरीला टेकलेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, मुंबईला शेवटचा कधी गेला ते त्याच्या त्यालाही आठवत नव्हतं. तिने आपल्या बापाला कसं जाऊ दिलं याचं उत्तर दिपालीजवळ होतं, फक्त ते ती कुणाला सांगत नव्हती. गेल्या वर्षी लस मिळत होती. याच डॉक्टर, हाच दवाखाना, मागच्या फ्रीजमध्ये लस तयार, आणि डॉक्टरांनी तीनदा आठवण केलेली. पहिल्यांदा गौरींचं कारण होतं, दुसऱ्यांदा ऑफिसात ऑडिट, तिसऱ्यांदा तर कारणही नव्हतं. रविवार होता, ऊन होतं, इरा अंगणात झोके घेत होती, आणि पुढच्या रविवारी जाऊ असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी इरा नव्या मुंबईच्या इस्पितळात काचेआड होती. अकरा दिवस. नाकातोंडात नळ्या, छातीवर चिकटवलेल्या तारा, आणि बाहेरच्या खुर्चीवर अकरा दिवस बापू, एकाच शर्टात. त्यांनी विचारलं होतं, ती सुई द्यायची व्हती ना गो पोरीला? आणि दिपाली म्हणाली होती, मिळालीच नाही, बापू, कुठेच मिळाली नाही. इतकं सहज तोंडातून निघालं. राहुललाही मग तेच सांगितलं, सासरीही तेच. वर्षभरात ते खोटं इतकं रुळलं होतं की कधी कधी तिला स्वतःलाच वाटायचं, खरंच मिळाली नसेल. पण बापूंनी ते मनाशी धरून ठेवलं होतं. गेल्या साली मिळाली न्हाय, यंदा मी मिळवनार, असं ते शेजारच्या सखुबाईंना सांगत असल्याचं तिने पडवीतून ऐकलं होतं, आणि ती आत जाऊन उगाच भांडी घासत बसली होती.

बर्फाचं तर बापूंना कुणी काही शिकवावं अशी सोयच नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी खाडीकडच्या बर्फाच्या कारखान्यात काढली होती. येसाजी म्हणून त्यांना कुणी हाक मारत नसे. बंदरावर सगळे त्यांना बर्फवाले बापूच म्हणत. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पत्र्याचे उभे डबे सोडायचे, रात्रभरात डब्यातल्या गोड्या पाण्याची लादी व्हायची. मीठ घातलेलं पाणी स्वतः गोठत नाही आणि दुसऱ्याला गोठवतं, हे दिपालीला शाळेत शिकवायच्या आधी बापूंनी शिकवलं होतं. ती डबा घेऊन दुपारी कारखान्यात जायची तेव्हा आत धुकं असायचं आणि त्या धुक्यातून बापूंचे हात आधी दिसायचे, पांढरे, चिरा पडलेले. बोटीवाले त्यांच्याकडेच यायचे, कारण चार दिवसांच्या फेरीला किती बर्फ आणि त्यावर किती मीठ मारायचं हे त्यांचं कधी चुकलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात साधा बर्फ दगा देतो, मीठ मारलेला टिकवून धरतो, असं ते म्हणायचे. ती सात वर्षांची असताना तिला ताप चढला, फिट आली, डॉक्टर गावात नव्हते, तेव्हा बापूंनी भर दुपारी सायकलवरून गोणपाटात गुंडाळून बर्फाची अख्खी लादी आणली होती. रात्रभर ते तिच्या कपाळावर आणि तळपायांवर गार कपडे ठेवत बसले. पहाटे ताप उतरला. तिच्या आयुष्यात गारवा म्हणजे बापू, आणि बापू आले म्हणजे आता काही होणार नाही, इतकं ते साधं होतं. म्हणूनच ते जायला निघाले तेव्हा तिने त्यांना फक्त एवढंच सांगितलं, बापू, लस गार राहिली पाहिजे, जराही गरम झाली तर फुकट. गोठायला नको हे सांगायचं तिला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर ते तिलाही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी बर्फवाल्या बापूंना गारव्याबद्दल सांगायची तिची जीभ उचलली नसती.

"मला नाही टोचणार?" इराने एक डोळा उघडून विचारलं. आज नाही, डॉक्टर म्हणाल्या. इराला हे बक्षीस मिळाल्यासारखं झालं, पण लगेच तिच्या लक्षात आलं की टोचून घेणाऱ्या मुलांना दंडावर चित्राची पट्टी मिळते, आणि तिने ती मागितली. डॉक्टरांनी दिपालीकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून पिवळ्या माशाची गोल पट्टी काढून तिच्या दंडावर चिकटवली. त्यात काय, पोरीची हौस. दिपालीने पर्स उचलली, डबा तिथेच ठेवला, आणि दार उघडलं. बापू बाकावरून उठले. दुपारी बाराच्या बोटीने गेटवेहून निघून मांडव्याला उतरून, तिथून बसने अलिबागला थेट दवाखान्यात आलेला तो माणूस. शर्टावर बर्फाच्या पाण्याचे ओघळ वाळलेले, तोंडाला पंचा बांधलेला. त्यांचे डोळे आधी इराच्या दंडावर गेले. पट्टी दिसली. आणि दिपालीने आपल्या बापाचा चेहरा पंच्याच्या वरच्या अर्ध्या भागात सैल पडताना पाहिला.

"रडली?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखलं," इरा म्हणाली. बिचारी खरंच सांगत होती.

आता बोलावं, दिपालीला वाटलं. आता नाही, जरा वेळाने. पायऱ्या उतरून झाल्यावर. रिक्षा ठरवून झाल्यावर. बापूंच्या पोटात सकाळपासून काही नाही, घरी गेल्यावर, जेवून झाल्यावर. किंवा नाहीच सांगितलं तर. दोन आठवड्यांनी नवा माल आला की गुपचूप टोचून आणू, म्हणू दुसरा डोस होता. बापूंना काय कळतंय डोसातलं. जे आपण वर्षभर छातीवर घेऊन फिरलो ते या म्हाताऱ्याच्या छातीवर कशाला ठेवायचं? तो पेलेल का ते? आपण तरुण, ऑफिस, फोन, कामं, विसरायला जागा आहे. त्यांना तर पडवीतली खुर्ची आणि खाडीकडे बघत बसणं एवढंच उरलंय. ते ओझं आपलं आपल्यालाच ओळखीचं आहे, आणखी एक आपल्याकडेच राहू दे. असं ठरवल्यावर तिला बरं वाटलं, आणि आपण आपल्या बापासाठी काहीतरी चांगलं करतो आहोत असंही वाटलं. रिक्षा मिळाली. इरा मध्ये, दिपाली डावीकडे, बापू उजवीकडे, तोंड बाहेर करून.

नागाव मागे पडलं तसे बापू नीट बोलायला लागले. एकदा बोलायला लागल्यावर मात्र त्यांना थांबवता येईना. गिरगावातला दुकानवाला आज या, उद्या या करत दोन दिवस कसा फिरवत होता, रांगेत एका गुजराती बाईने त्यांना कशी पाण्याची बाटली दिली, आज सकाळी दुकान उघडताच लस कशी हातात आली. दुकानवाल्याने निळ्या पाण्याची एक गार पिशवी दिली होती. "मी म्हनलो, शेठ, या पिशवीनं काय व्हतंय? ऊन बगा भायेर." मग त्यांनी ससून डॉकवरचा आपल्या जुन्या ओळखीचा बर्फवाला शोधून काढला. लादीच्या कडेचा, काचेसारखा बर्फ निवडून फोडून घेतला, डब्यात खाली थर, मध्ये लस प्लास्टिकच्या पिशवीत, वर थर, आणि दोन मुठी खडं मीठ, हाताने सारखं पसरून. मांडव्याला उतरल्यावर त्यांनी झाकणावर हात ठेवून बघितला होता. दगडागत गार व्हता गो, ते म्हणाले, आणि हसले. दिपालीने खिडकीसारख्या त्या मोकळ्या बाजूने बाहेर पाहिलं. नारळाच्या वाड्या जात होत्या, एका अंगणात कुणी सुपारी वाळत घातली होती. ती हसली का, तिला कळलं नाही. पण बापूंना ती हसलेली दिसली असावी, कारण ते खूश झाले.

मग त्यांना खोकला आला. एकदा, मग दोनदा, खोल छातीतून. दिपालीने मान वळवली. बोटीतल्या वाऱ्याचा असेल, तिने विचारायच्या आधीच स्वतःला उत्तर दिलं. बापू मात्र सहज सांगत होते. भायखळ्याला भाच्याकडे दोन रात्री राहिलो ना, घरात सगळीच आजारी. भाच्याची बायको अंथरुणाला खिळलेली, दोन्ही पोरं तापाने फणफणलेली, धाकट्याला काल ॲडमिट केलं. जागा कुठे होती, त्याच पोरांच्या बाजूला अंग टाकलं. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पोरीला सुई टोचेपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही, म्हणून बोटीपासून हा पंचा. त्यांच्याही अंगात कालपासून कणकण होती. "पन आता टोचलाय," ते म्हणाले, "आता काय भ्या न्हाय." आणि त्यांनी पंचा सोडला, घडी घालून मांडीखाली ठेवला, दोन्ही हातांनी इराला उचलून आपल्या मांडीवर घेतलं, तिच्या गालाचा मुका घेतला, तिच्या केसांत तोंड खुपसलं. तीन दिवस नातीचा वास न मिळालेला माणूस जसा घेईल तसा त्यांनी तो घेतला. इरा त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांना दंडावरचा पिवळा मासा दाखवायला लागली. ते वाकून तो मासा बघत होते, त्यांचा श्वास इराच्या गालावर पडत होता, आणि दिपालीला तो श्वास दिसत होता. खरंच दिसत होता, थंडीत दिसतो तसा.

किती वेळ गेला? चौलचा चढ लागला एवढंच तिला कळलं. तिच्या मनात दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या. एक म्हणत होती, पाच मिनिटांनी काय होतंय, एवढ्याने लागण होत असती तर. घरी गेल्यावर हळूच वेगळी झोपव, काहीतरी निमित्त काढ. ती बाई दिपालीच्या चांगली ओळखीची होती. गेल्या वर्षीच्या रविवारी, झोपाळ्याजवळ उभी राहून, पुढच्या रविवारी जाऊ, असं तीच म्हणाली होती. दुसरीला शब्दच नव्हते. ती फक्त त्या काचेआडच्या खोलीत उभी होती आणि यंत्राचा आवाज मोजत होती.

"बापू, तिला खाली ठेवा," दिपाली म्हणाली.

ते हसत होते. का गो, म्हणाले, जड न्हाय मना.

"तिला टोचलेलं नाही, बापू. लस गोठली होती. डॉक्टरांनी नाही दिली."

रिक्षाचा आवाज होता म्हणून त्यांना ऐकू गेलं नसेल असं तिला क्षणभर वाटलं, आणि ते पुन्हा सांगावं लागेल या विचाराने ती घाबरली. पण त्यांनी ऐकलं होतं. त्यांचे हात आधी थांबले. मग त्यांनी इराला, काचेचं भांडं ठेवावं तसं, सावकाश उचलून दिपालीच्या बाजूला ठेवलं आणि स्वतः अंग चोरून कडेला सरकले. "मीठ," ते म्हणाले. विचारलं नाही त्यांनी. छत्तीस वर्षं ज्याचा अंदाज कधी चुकला नव्हता त्या माणसाला दुसऱ्या कुणी समजावून द्यायची गरजच नव्हती. त्यांनी मांडीखालचा पंचा ओढला आणि तोंडावर धरला, दोन्ही हातांनी, पण गाठ बसेना. दिपालीने पुढे होऊन ती बांधायला हवी होती. ती हलली नाही.

"किती वेळ व्हती गो माझ्या मांडीवर?" पंच्याच्या आतून त्यांनी विचारलं.

"पाचेक मिनिटं."

"मी हिचा मुका घेतला." हे ते तिला सांगत नव्हते. आठवत होते. मग त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला, आणि लगेच तो हातही मागे घेतला. रिक्षा थांबली. बापू उतरले. रस्त्याच्या कडेला, उन्हात, रिक्षापासून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू पोरीला घेऊन जा. मी मागून येतो. घरी न्हाय येत. कारखान्यावर झोपतो, थितं जागा हाय."

तो कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. दिपालीजवळ त्या क्षणी एक वाक्य होतं. गेल्या वर्षी लस मिळत होती, बापू, मीच नेलं नाही तिला. ते एवढं वाक्य म्हटलं असतं तर बापू त्या रस्त्यावर एकटे उभे राहिले नसते. ती त्यांच्या शेजारी उभी असती, दोघांची चूक सारखी, दोघांचं ऊन सारखं. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ती पुढे वाकलीसुद्धा. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक बापूंच्या बाजूने रिक्षात आली, आणि तिने दचकून इराचं तोंड आपल्या पदरात झाकलं. बापूंनी ते पाहिलं. त्यांनी मान हलवली, बरोबर केलंस अशी, आणि आणखी दोन पावलं मागे सरकले.

"बापू का उतरले?" पदराच्या आतून इरा विचारत होती.

"चला," दिपाली रिक्षावाल्याला म्हणाली.